मेजावरील ड्रिलयंत्रावर उंच काम कसें घ्यावें

शेतावर वीज असली म्हणजे अवजारांच्या डागडुजीकरितां मेजावर बसणारें लहान ड्रिलयंत्र घेण्याकडे बागाईतदारांचा कल असतो, व तो योग्यच आहे. लोखंडी पट्टी, बिजागरी, कुळवाची पास अशीं सपाट कामें त्यावर सुरेख होतात. परंतु पंपाचें ओतीव कवच किंवा कल्टिव्हेटरचा सबंध दाता टेबलावर उभा केला कीं, बिटाखालीं जागाच उरत नाहीं. ऐन पेरणीच्या तोंडावर अशी अडचण आली म्हणजे मनुष्य हातानें धरावयाचें ड्रिल उचलतो. भोंक तिरकें जातें, बोल्ट एका अंगावर दाबला जातो, आणि थोड्याच दिवसांत भोंक लांबट होऊन जोड खिळखिळा होतो.

यंत्रास हात लावण्यापूर्वीं बिट बदलून पाहावें. १० मिलिमीटर व्यासाचें नेहमींचें बिट १३३ मि.मी. लांब असतें, त्याच व्यासाचें आंखूड बिट ८९ मि.मी.चें मिळतें. म्हणजे केवळ बिट बदलल्यानें ४४ मि.मी. जागा मोकळी होते, व आंखूड बिट कमी थरथरतें हा फायदा निराळाच. तेवढ्यानें न भागल्यास टेबल बाजूस फिरवून काम बैठकीवरच बांधावें.

त्याहून उंच वस्तु असेल तर यंत्राचें डोकें मेजाबाहेर काढावें. पुष्कळ यंत्रांचें डोकें गोल खांबावर पकडस्क्रूंनीं आवळलेलें असतें. ते सैल करून डोकें अर्धा फेरा फिरविलें म्हणजे चक मेजाच्या कडेबाहेर येतो आणि जमिनीपर्यंतची सर्व उंची मिळते. यंत्र स्वस्थ असतांना त्याचा भार बाहेर झुकतो, व बिट दाबतांना डोकें उलट वर उचललें जातें. हे दोन्ही ताण बैठकीच्या बोल्टांवर येतात. म्हणून ते मेजाच्या फळींतून आरपार घालावे व मेजही भिंतीस पक्कें करावें. खालचें काम वेगळ्या घडवंचीवर बांधून बिटाशीं गुण्यानें जुळवावें.

असें काम वारंवार पडत असल्यास खांबच लांब करतां येतो. त्यापूर्वीं एक हिशोब समजून घ्यावा. बिट दाबतांना काम त्यास वर रेटतें. तो रेटा खांबापासून दूर असल्यामुळें खांब किंचित् मागें वांकतो व बिट कलतें. टेबल व डोकें यांमधील खांब जितका लांब, तितकें हें कलणें अधिक. बाहेरून ६० मि.मी. व्यासाचा, ५ मि.मी. जाड भिंतीचा पोलादी खांब, त्याच्या मध्यापासून बिट १२५ मि.मी. दूर आणि दाब १०० किलो धरला, तर ५०० मि.मी. लांबीस बिट दर १०० मि.मी. खोलीस सुमारें ०·१ मि.मी. कलतें, १००० मि.मी. लांबीस ०·२. शेतीच्या कामास इतकें खपून जातें. ४६ मि.मी. व्यासाच्या व ४ मि.मी. भिंतीच्या खांबावर मात्र हेंच कलणें जवळजवळ तिप्पट होतें. बारीक खांबाच्या यंत्राची उंची वाढविण्याच्या भरीस पडूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. उलट, जाड खांब लांब केल्यानें लहान कामाची अचूकता फारशी बिघडत नाहीं; कारण टेबल वर घेतलें म्हणजे मधला थोडा भागच वांकतो.

नवा खांब जाड भिंतीच्या, सांधा नसलेल्या पोलादी नळीचा घ्यावा व डोक्याच्या भोंकाचें माप देऊन लेथवर कातून घ्यावा. पाण्याच्या पाइपाचा मोह धरूं नये. दोन इंची म्हणून मिळणारा पाइप बाहेरून ६०·३ मि.मी. भरतो, तो ६० मि.मी.च्या भोंकांत शिरत नाहीं, आणि पुरता गोलही नसतो. टेबल वरखालीं करण्याची दांतेरी पट्टी जुन्याच लांबीची राहते; ती कामाप्रमाणें खांबावर वर किंवा खालीं सरकवावी लागते.

जोडणी झाल्यावर चकांत वांकडी तार धरून चक हातानें फिरवावा. तारेचें टोंक टेबलास चारी बाजूंस सारखें टेंकलें पाहिजे. एका बाजूस कागद सरकतो व दुसऱ्या बाजूस अडकतो असें दिसल्यास टेबल जुळवून घ्यावें.

डोकें जड असतें, आणि पकड सैल होतांच तें खांबावरून एकदम खालीं घसरून बोटें चिरडूं शकतें. म्हणून स्क्रू सैल करण्यापूर्वींच डोक्याच्या लगत खालीं खांबावर एक लोखंडी कडें आवळावें, व तें तेथें कायमचें राहूं द्यावें. खांब वाढल्यावर दाबण्याचा दांडा खांद्याच्या वर जात असेल, तर यंत्र मेजावरून काढून बुटक्या, जमिनींत रोवलेल्या चौकटीवर बसवावें.