स्विच घेण्याआधी बॉक्स मोज

घर घेतलंस, आता सगळीकडे स्मार्ट स्विच बसवायचे म्हणतोस. जरूर बसव. पण न्यू जर्सीतल्या पन्नास-साठच्या दशकातल्या घरांत भिंतीतले बॉक्स फार लहान असतात. म्हणून ब्रेकर पाड, टेस्टरने खात्री कर, एक बॉक्स उघड आणि आधी तारा मोज. खरेदी नंतर.

अमेरिकेच्या वीज-नियमावलीत, म्हणजे एनईसीच्या ३१४.१६ कलमात हा हिशेब आहे आणि तो पाठ करण्याइतका सोपा आहे. १४ गेजच्या तारेला २ घनइंच जागा, १२ गेजला २.२५, १० गेजला २.५. बाहेरून आत आलेली हॉट असो वा न्यूट्रल, प्रत्येक तार एक धरायची. बॉक्समध्येच सुरू होऊन तिथेच संपणारा पिगटेल मोजायचा नाही, वायरनटही नाही. ग्राउंडच्या चारपर्यंतच्या तारा मिळून एक, आतले क्लॅम्प सगळे मिळून एक. स्विचचे मात्र दोन धरायचे, आणि लोक नेमकं हेच विसरतात.

समज, १४ गेजची एक केबल आत येते, एक पुढे जाते. तारा चार, ग्राउंड एक, क्लॅम्प एक, स्विचचे दोन. आठ दुणे सोळा. जुना तीन बाय दोनचा, अडीच इंच खोल लोखंडी बॉक्स असतो साडेबारा घनइंचांचा. त्यात हे बसत नाही. साडेतीन इंच खोल घेतलास तर १८ मिळतात. हीच जोडणी पिवळ्या १२ गेजच्या केबलने केलीस, तर आठ गुणिले २.२५ म्हणजे बरोब्बर १८. नियमाने चालेल, पण मी तिथे मोठाच बॉक्स लावीन. स्मार्ट स्विचचं धूड केवढं असतं, तरी नियम त्याला दोनच धरतो. पहिल्या, १४ गेजच्या जोडणीतून पंख्या-दिव्यासाठी तीन तारांची १४ गेजची केबल काढलीस, की आठाचे अकरा होतात, म्हणजे २२ घनइंच. चार इंची चौकोनी, दीड इंच खोल बॉक्स २१ चा. एका घनइंचाने हुकतो! तोच २⅛ इंच खोल घे, ३०.३ मिळतील. प्लास्टिकच्या बॉक्सवर आकडा छापलेलाच असतो.

जागा नसताना स्विच अंगठ्याने रेटून स्क्रू आवळणारे मी पाहिलेत, आणि ते बघून जीव घाबरा होतो. तार धारेवर घासून सोलली जाते, वायरनट आतल्या आत सैल होतो, तिथे उष्णता साठते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. स्विच सहज, बोटांनी आत गेला पाहिजे. तारा घडी घालून बसवायच्या: सर्वांत मागे ग्राउंड, मग न्यूट्रल, हॉट शेवटी. प्रत्येक तार निदान सहा इंच मोकळी ठेव. जागा वाचवायला ती तोकडी करू नकोस.

जुन्या घरात आणखी एक बघ. स्विचला आलेली पांढरी तार न्यूट्रल असेलच असं नाही. स्विच-लूपमध्ये तीच हॉट असते. आणि तारेवरचं रबर हात लावताच भुगा होऊन पडत असेल, तर तिथेच थांब आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलाव.

नवी केबल ओढणार असशील तर आधी टाउनशिपचं परमिट काढ, आणि इन्स्पेक्टर बघून जाईपर्यंत ड्रायवॉल बंद करू नकोस.