अण्णांची अ‍ॅटलस खरवडताना

माझे वडील, अण्णा, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. १९६८ साली त्यांनी अ‍ॅटलस घेतली आणि निवृत्त होईपर्यंत कसबा पेठेतून खडकीला तिच्यावरूनच गेले. पुढे ती माझ्या धाकट्या भावाकडे गेली, मग जिन्याखाली, मग कुणाकडेच नाही. २०२० च्या ३ जूनला अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद झाला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता. ती बातमी वाचून मी जिन्याखाली जाऊन एकदा फडकं मारून आले. प्रत्यक्ष हात लावायला पुढची दोन वर्षं गेली. सायकल उभी करायची, पण आधी जुना रंग पार उतरवायचा, असं ठरलं. छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. रसायनाचा एक डबा आपल्याला काय जड, असं वाटलं होतं.

१. सायकलला एक रंग असतो हा माझा पहिला गैरसमज. माझ्या डोळ्यांपुढे ती निळी. तो निळा भावाच्या कॉलेजच्या दिवसांतला. त्याखाली चंदेरी निघाला, गच्चीवरच्या पाइपांना दिलेला. त्याखाली हिरवा, हुबेहूब आमच्या खिडक्यांच्या गजांचा. आमच्या घरी रंगाचा डबा कधी टाकून दिला जात नसे, उरलेला कशावर तरी जिरवला जाई आणि सायकल कधी नाही म्हणायची नाही. सगळ्यांत खाली कारखान्याचा काळा, त्यावर केसाएवढ्या बारीक सोनेरी रेघा. एवढे थर होते म्हणूनच पॉलिश पेपरचा नाद सोडून मी पेंट रिमूव्हरकडे वळले.

२. डब्यावरची बारीक अक्षरं डबा उघडण्याआधी वाचायची असतात. हे मी मुलांना इतक्या वेळा सांगितलं होतं की स्वतः करायचं राहूनच गेलं. बोहरी आळीतल्या दुकानदाराने विचारलं, “हातमोजे आहेत ना, बाई?” मी ठसक्यात “आहेत” म्हटलं आणि डबा स्कूटरच्या डिकीत टाकून भर दुपारी घरी आले. एप्रिल महिना. झाकण अर्धं फिरवलं तोच फिस्स करून एक पिचकारी मनगटावर आली. गार लागलं, आणि दुसऱ्या क्षणी ठेचा वाटलेला हात डोळ्याला लागावा तशी आग. नळाखाली पंधरा मिनिटं हात धरून उभी राहिले तेव्हा कुठे वाचायला सवड मिळाली. मेथिलीन क्लोराइड. हे द्रव्य सुमारे ४० अंशांना उकळतं. पुण्याच्या एप्रिलमध्ये, बंद डिकीत, मी एक उकळायला आलेला डबा घेऊन शहरातून फिरत होते. तेव्हापासून डबा आधी अर्धा तास गार पाण्याच्या बादलीत ठेवायचा, झाकणावर ओलं फडकं टाकायचं, तोंड बाजूला करायचं आणि आटा हळूहळू सैल करायचा. यजमान मनगटावर लावायला टूथपेस्ट घेऊन आले होते. ती लावू दिली नाही, एवढंच काय ते शास्त्र त्या दिवशी पाळलं गेलं.

३. वास गोडसर आहे म्हणजे वस्तू सौम्य आहे असं होत नाही. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून पहिला प्रयोग मी बाथरूममध्ये केला. एग्झॉस्ट पंखा लावला होता. तो छताजवळ आणि मी पाटावर, जमिनीलगत. या द्रव्याची वाफ हवेपेक्षा जड, ती खालीच साचते. म्हणजे पंखा वरची स्वच्छ हवा बाहेर फेकत होता आणि खालची सगळी माझ्या वाट्याला येत होती. दहा मिनिटांत डोकं हलकं झालं, चक्क मजा वाटायला लागली, उगीचच हसू आलं. भांग प्यायलेली माणसं लहानपणी शिमग्याला पाहिली होती, त्यांची आठवण झाली आणि तेवढ्यानेच मी भानावर येऊन बाहेर पडले.

पुढचं वाचून मात्र हसू पळालं. शरीरात गेलेल्या या वाफेचा काही भाग कार्बन मोनॉक्साइड होतो. बंद खोलीतल्या शेगडीने माणसं जातात, तोच वायू, इथे आपल्याच यकृतात तयार होणारा. अमेरिकेत बाथटबचा जुना रंग उतरवताना २००० ते २०११ या काळात १३ कामगार दगावल्याची नोंद आहे, आणि जागा कुठली, तर बाथरूम. २०१९ मध्ये तिथे सामान्य ग्राहकाला असा रिमूव्हर विकायलाच बंदी आली. हृदयविकाराच्या माणसाला हा वायू आणखी वाईट. माझ्या यजमानांची अँजिओप्लास्टी झालेली, आणि फ्रेम धरायला मी त्यांनाच आत बसवलं होतं. हे त्यांना मी चार दिवसांनी सांगितलं. ते फक्त “बरं” म्हणाले. त्या “बरं”चा अर्थ मी अजून विचारलेला नाही.

४. घरात हातमोजे असणं आणि कामाचे हातमोजे असणं यात फरक आहे. भांडी घासायचे माझे पिवळे मोजे पाच-सात मिनिटांत फुगून पुरणासारखे लिबलिबीत झाले. निळे नायट्राइलचे तर त्याहून आधी दगा देतात. या द्रव्याला दाद न देणारे लॅमिनेट फिल्मचे मोजे वेगळे मिळतात, दिसायला अगदी दुधाच्या पिशवीसारखे. करोनातला एन-९५ मास्क धूळ अडवतो, वाफ नाही, तोही माझा भ्रम फिटला. डोळ्यांवर बाजूंनी बंद असणारा चष्मा, जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि बसायला उघडी गच्ची, वारा पाठीकडून. शेवटी माझी मदार सगळ्यात जास्त वाऱ्यावर होती.

५. हे काम खरवडण्याचं नाही, थांबण्याचं आहे. मी पहिल्या वेळी पोळी फुगायच्या आत उलथनं घालणाऱ्या नव्या सुनेसारखी वागले. जेल लावलं, तीन मिनिटांत खरवडलं, रंग जागचा हलला नाही, वर चिकट लगदा मात्र झाला. हे रसायन रंग विरघळवत नाही, फुगवतं. ते थरातून खाली झिरपतं, रंग फुगतो, आणि फुगलेल्या रंगाला खालच्या लोखंडावर जागा पुरत नाही. जाड थर एकाच दिशेने लावायचा, ब्रश मागेपुढे फिरवायचा नाही, कारण त्यातलं मेण वर साय धरतं आणि ती साय मोडली की सगळं उडून जातं. वर प्लास्टिकचा कागद गुंडाळायचा आणि लांब जाऊन बसायचं.

वीस मिनिटांनी कागद काढला तेव्हाचं दृश्य मी विसरणार नाही. निळ्यावर आधी एक सुरकुती उठलेली, मग तिच्या शेजारी दुसरी, तापलेल्या दुधावर साय आकसावी तशी. एका जागी फोड फुटून आतला चंदेरी डोकावत होता. प्लास्टिकची पट्टी अलगद सरकवली आणि वीतभर निळा रंग एका पापुद्र्यात उचलून आला, सापाच्या कातीसारखा. आमच्या भावाचं अख्खं कॉलेज त्या पापुद्र्यावर होतं, पण ते त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, “ताई, जेवलीस का?”

६. सगळ्यात धोकादायक चूक मी सगळ्यात निरुपद्रवी वस्तूने केली, पॉलिश पेपरने. लगच्या कोपऱ्यांत, जिथे नळ्या एकमेकींना मिळतात तिथे, रंग अडून बसला होता. रसायनाचा दुसरा हात देण्याऐवजी मी कोरडाच पेपर घासत सुटले. गच्चीवर शेजारच्या वहिनींच्या कुरडया वाळत होत्या, माझ्यापासून दहा फुटांवर, आणि वारा मी मुद्दाम पाठीकडून घेतलेला, म्हणजे थेट त्यांच्याकडे.

जुन्या रंगांत शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिसं दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नको हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या हिरव्या-पिवळ्यांवर आणि खालच्या शेंदरी अस्तरावर विश्वास ठेवू नये. ते अस्तर म्हणजे तरी काय, शेंदूरच. मारुतीला लावतात तो पारंपरिक शेंदूर हे शिशाचंच ऑक्साइड. २०२२ मध्येच पुढे वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा वर्षानुवर्षांचा शेंदूर काढला आणि आतलं मूळ रूप दिसलं, तेव्हा फोटो पाहताना मला माझे लगचे कोपरे आठवले. असा थर ओला ठेवूनच काढायचा, धूळ उडू द्यायची नाही. विशेषतः घरात लहान मूल असेल तर, कारण शिसं मुलांच्या मेंदूवर घाला घालतं. मी खाली जाऊन वहिनींना खरं काय ते सांगितलं. त्यांनी दोन साड्यांवरच्या कुरडया काहीही न बोलता गोळा करून फेकल्या. मी विकत आणून दिल्या, पण घरच्या त्या घरच्या.

७. मोरी म्हणजे अदृश्य होण्याचं ठिकाण नाही. पहिल्या दिवसाचा लगदा मी मोरीत ओतला. मुठेत जाणार हे माहीत होतं, पण पाणी सोडलं की दिसेनासं होतं आणि दिसेनासं झालं की मन शांत होतं. दुसऱ्या दिवशीचा वर्तमानपत्रात गुंडाळून ओल्या-सुक्यातल्या सुक्यात टाकला. कचरा न्यायला येणाऱ्या मावशींनी पुडी हातात घेतली, हुंगली आणि विचारलं, “हे काय वो, ताई? मागं एकदा असल्यानंच माझी बोटं सोलली होती.” त्या उघड्या हातांनी निवडतात. माझ्या हातात तेव्हा दुधाच्या पिशवीचे मोजे होते. आता पापुद्रे उघड्यावर वर्तमानपत्रावर पूर्ण सुकवते, झाकणाच्या डब्यात भरते, वर ठळक लिहिते, आणि डबा वेगळा, सांगून देते. रंगाचे डबे, बॅटऱ्या, ट्यूबलाइट यांना २०१६ च्या नियमांनी ‘घरगुती घातक कचरा’ असं वेगळं नाव दिलेलं होतंच.

८. अमुक सायकलला चाललं ते तमुकला चालेल असं नाही. भाचा म्हणाला, “आत्या, माझी पण काढून दे, कॉस्टिक सोड्यात बुडवू.” त्याची अ‍ॅल्युमिनियमची. कॉस्टिक सोडा लोखंडाला काही करत नाही, अ‍ॅल्युमिनियम मात्र खातो आणि वर हायड्रोजन सोडतो. कार्बन फायबरच्या फ्रेमला तर रिमूव्हर दाखवूसुद्धा नये, तिथे रंग आणि फ्रेम धरून ठेवणारी राळ एकाच जातीची. तेवढं एक मी वेळेवर सांगितलं.

९. उघडं लोखंड देखणं असतं आणि एका रात्रीत पोरकं होतं. छर्रे, कटोऱ्या, चिमटा, समोरचा पृथ्वी खांद्यावर घेतलेला बिल्ला, सगळं आधीच काढलं होतं. फ्रेम थिनरने पुसली, पाण्याने धुतली, संध्याकाळच्या उन्हात ती चांदीच्या समईसारखी दिसत होती. अशी ती पुन्हा कधी दिसणार नाही म्हणून रात्रभर तशीच राहू दिली. पहाटे वळीव येऊन गेला. सकाळी फ्रेमवर हळद लावल्यासारखा गंज. पुन्हा घासलं, आणि या वेळी वाळल्या वाळल्या रेड ऑक्साइडचा हात दिला. हा रेड ऑक्साइड शिशाचा नव्हे, लोखंडाचा, गेरूच्या कुळातला. नळ्यांच्या आत रसायन राहता कामा नये हेही तेव्हाच कळलं. खालच्या भोकातून दोन दिवसांनी एक थेंब ओघळला आणि नव्या प्रायमरवर नखाएवढा फोड आला.

१०. सोपं काम कुणी सुचवलं तर ऐकावं. पावडर कोटिंगवाले भोसरीत आहेत, एका फ्रेमसाठी एवढा खटाटोप शहाणी माणसं करत नाहीत. मी केला, आणि हिरव्या रंगाच्या खाली, पुढच्या लगपासून चार बोटांवर, खालच्या नळीला पितळी झाळ सापडली. बोटभर रुंद, नळीला वेढून घेतलेली, कुणीतरी हाताने, घाईत नव्हे, केलेली. नळी तिथे दुमडली होती. समोरून जोरात धडकल्याशिवाय ती तिथे दुमडत नाही. मी दहावीत असताना अण्णांचा हात दीड महिना प्लास्टरमध्ये होता. वाड्याच्या जिन्यावरून पडले, असं आम्हाला सांगितलं होतं. आणि त्याच दिवाळीच्या आधी त्यांनी सायकलला हिरवा रंग दिला होता.

नाना पेठेतल्या मिस्त्रींना झाळ दाखवली. त्यांनी पान्याने दोनदा ठोकून आवाज ऐकला. “हिला काही होत नाही, बाई. आधी तुम्ही जाल.”

आई अठ्ठ्याऐंशीची आहे, कमी ऐकू येतं. तिच्या कानाशी जाऊन विचारलं, “अण्णा खरंच जिन्यावरून पडले होते का गं?” तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

“तुला कुणी सांगितलं?” ती म्हणाली.

सायकल आता काळी आहे. सोनेरी रेघा मला जमल्या नाहीत. झाळेवर रंग दिलेला नाही, तिथे बिनरंगी लॅकरचे दोन हात दिले आहेत.