कल्पित गावाची खरी वाट : आगुंबे येथील 'मालगुडी'चे पदभ्रमण

कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्याच्या तीर्थहळ्ळी तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर, आगुंबे नावाचे एक लहानसे गाव आहे. वर्षाकाठी सरासरी सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस येथे पडतो आणि त्यामुळे 'दक्षिणेची चेरापुंजी' असे त्यास म्हटले जाते. आंबोलीचा पाऊस अनुभवलेल्या वाचकास या गावाची कल्पना सहज करता येईल. तथापि आगुंबेस येणाऱ्या प्रवाशांपैकी पुष्कळजण पाऊस पाहण्यासाठी येत नाहीत. नकाशावर नसलेले एक गाव पाहण्यासाठी ते येतात. त्या गावाचे नाव मालगुडी.

आर. के. नारायण (१९०६–२००१) यांनी १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्वामी अँड फ्रेंड्स' या कादंबरीत मालगुडी प्रथम वसविले. शरयू नदी, मेंपीचे अरण्य, मार्केट रोड, कबीर स्ट्रीट, आल्बर्ट मिशन शाळा असा सारा भूगोल त्यांनी पुढील अनेक पुस्तकांतून उभा केला. परंतु हे गाव नेमके कोठे, याचे उत्तर लेखकाने कधीच दिले नाही. १९८६ साली शंकर नाग यांनी दूरदर्शनसाठी 'मालगुडी डेज' ही मालिका तयार केली, तेव्हा या कल्पित गावास प्रथमच दगडमातीचा रस्ता आणि कौलारू छप्पर लाभले. त्यासाठी निवडलेली मुख्य जागा म्हणजे आगुंबे होय.

या मालिकेचे महाराष्ट्राशी असलेले नाते येथे नमूद करणे उचित ठरेल. शंकर नाग यांची नाट्यक्षेत्रातील उमेदवारी मुंबईच्या मराठी रंगभूमीवर झाली. '२२ जून १८९७' या १९७९ सालच्या मराठी चित्रपटाच्या पटकथालेखनात त्यांचा सहभाग होता. स्वामीच्या वडिलांची भूमिका करणारे गिरीश कार्नाड यांचा जन्म माथेरानचा. प्रत्येक भागाच्या आरंभी दिसणारी रेखाचित्रे लेखकाचे बंधू आर. के. लक्ष्मण यांची, त्यांची कारकीर्द मुंबईत घडली आणि २०१५ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

स्थळनिवडीचा प्रश्न

चित्रीकरणासाठी कोणती जागा निवडावी, हा केवळ सोयीचा प्रश्न नसतो. नारायण यांच्याच 'द गाईड' या कादंबरीवर १९६५ साली हिंदी चित्रपट निघाला. लेखकाने चित्रपटकर्त्यांना म्हैसूर परिसरातील जागा हिंडून दाखविल्या होत्या. परंतु चित्रपट अखेर राजस्थानात, राजवाडे आणि तलावांच्या पार्श्वभूमीवर घेण्यात आला. मालगुडीचे गावपणच त्यात हरवले, ही खंत नारायण यांनी पुढे एका लेखात मिश्किल पण स्पष्ट शब्दांत मांडली. शंकर नाग यांनी नेमकी उलट वाट धरली. डोळे दिपविणारे काहीही नसलेली जागा त्यांनी शोधली. कलादिग्दर्शक जॉन देवराज यांच्याकडे आगुंबेच्या मुख्य रस्त्यास १९३० च्या सुमाराचे रूप देण्याचे काम होते, आणि गावातील अनेक रहिवासी किरकोळ भूमिकांत पडद्यावर आले. म्हणूनच या गावात फिरताना देखाव्यांचे अवशेष शोधत बसू नये. देखावा काढून नेला गेला. गाव मात्र तेथेच आहे.

पदभ्रमणाचा मार्ग

वाटाड्या न घेता, हाती एखादे माहितीपत्रक धरून आपल्या गतीने केलेल्या भ्रमणास आगुंबे हे फार अनुकूल गाव आहे. मुख्य रस्ता एकच, चढउतार अल्प, आणि पाहण्याजोगी स्थळे एकमेकांस लागून. आरंभ बसथांब्यापाशी करावा. तेथून मुख्य रस्त्याने चालू लागले की दुतर्फा उतरत्या कौलारू छपरांची घरे दिसू लागतात. छपरे रस्त्यावर इतकी पुढे आलेली आहेत की ओसरी जवळजवळ झाकली जाते. कोकणातील वाचकास हे नवे नाही. जेथे पाऊस आडवा येतो तेथे घर असेच बांधावे लागते. मालिकेतील रस्त्याच्या दृश्यांत जी मंद, ओलसर सावली दिसते, तिचे कारण हे छप्पर आहे.

याच रस्त्यावर 'दोड्डमने' म्हणजे 'मोठे घर' आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बांधलेला हा प्रशस्त वाडा, मधला उघडा चौक, भोवतालची लाकडी खांबांची पडवी आणि रस्त्याकडील ओसरी यांमुळे प्रेक्षकांच्या स्मरणात आहे, कारण स्वामीचे घर म्हणून तो दाखविण्यात आला. बहुतेक प्रवाशांच्या दृष्टीने भ्रमणाचा कळस येथेच असतो, आणि अडचणही येथेच सुरू होते. दोड्डमने हे संग्रहालय नव्हे. ते एका कुटुंबाचे खाजगी घर आहे. या कुटुंबाने अनेक वर्षे आल्यागेल्यास जेवूखाऊ घातले, मुक्कामास जागा दिली आणि त्याचा दर ठरविला नाही. पाहुण्याने आपल्या इच्छेने काय ते ठेवावे, अशी रीत ठेवली. हे औदार्य आहे, सार्वजनिक सुविधा नव्हे. माहितीपत्रकात स्थळ क्रमांक दोन म्हणून या घराची नोंद करणारा लेखक या औदार्यावर आपण किती भार टाकतो आहोत, याचा विचार सहसा करीत नाही. सकाळी सहा वाजता एखाद्याच्या चौकात छायाचित्रे घेण्यासाठी वीस माणसे शिरली, तर ती मालगुडी पाहावयास आली आहेत म्हणून त्या घराच्या न्याहारीचा खोळंबा कमी होत नाही. पत्रकात या घराविषयी पहिले वाक्य इतिहासाचे नसावे. बाहेरून पाहावे, आत जावयाचे असल्यास आधी विचारावे, हे असावे.

पुढे गावातील वेणुगोपाल कृष्णाचे मंदिर पाहून मार्ग पश्चिमेकडे वळतो. सुमारे दोन किलोमीटरवर, उडुपीकडे उतरणाऱ्या घाटरस्त्याच्या कडेला, सूर्यास्त पाहण्याचे स्थान आहे. आकाश निरभ्र असल्यास दूर पश्चिमेस अरबी समुद्राची रेघ दिसते. मालिकेशी या स्थळाचा संबंध गौण असला तरी मार्गाचा शेवट येथे केल्यास भ्रमणास नैसर्गिक पूर्णता येते. गावातील भाग रेंगाळत पाहिला तरी तास-दीड तास पुरतो. त्यात चालण्याचा पाऊण तास मिळवावा. मात्र सूर्यास्त पाहणाऱ्यास परतताना अंधार पडणारच, ही साधी गोष्ट पुष्कळ मार्गदर्शिका विसरतात. रस्ता वळणांचा आहे, वाहने वर चढत असतात, कडेला पाऊलवाट सर्वत्र नाही. विजेरी बरोबर असल्याखेरीज हा टप्पा पायी करू नये, असे पत्रकात ठळक अक्षरांत छापले पाहिजे.

बरकण, ओनके अब्बी, जोगीगुंडी हे धबधबे याच परिसरात आहेत. परंतु ते अरण्यात असून वनखात्याच्या परवानगीचा आणि जळवांचा विषय निराळा आहे. नागराज म्हणजे किंग कोब्रा या सर्पाचेही हे अरण्य निवासस्थान आहे. रोम्युलस व्हिटेकर यांनी २००५ साली येथे वर्षावन संशोधन केंद्र स्थापन केले. चित्रीकरण स्थळांच्या भ्रमणात धबधबे घुसडण्याचा मोह आवरणेच बरे.

स्टेशन मात्र दुसरीकडे

प्रवाशास हमखास चकविणारी बाब म्हणजे मालगुडीचे रेल्वे स्टेशन. आगुंबेस रेल्वे नाही. पडद्यावरील स्टेशन हे शिवमोग्गा–तालगुप्पा मार्गावरील अरसाळू येथील होते. म्हणजे पडद्यावर गाडीतून उतरलेला माणूस क्षणात ज्या रस्त्याला लागतो, तो रस्ता प्रत्यक्षात जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास आहे. काही भाग बेंगळूर येथे व तुमकूरजवळील देवरायनदुर्ग येथेही चित्रित झाले. कल्पित गाव असे तुकड्यातुकड्यांनी जुळविलेले असते, आणि हे जुळविणे प्रामाणिकपणे सांगणे हा माहितीपत्रकाचा सर्वांत उपयुक्त भाग ठरतो.

अरसाळूच्या जुन्या स्टेशन इमारतीचे २०२० साली 'मालगुडी' संग्रहालयात रूपांतर करण्यात आले. हे काम दक्षिण पश्चिम रेल्वेने मूळ कलादिग्दर्शक जॉन देवराज यांच्याकडेच सोपविले, ही गोष्ट विशेष उल्लेखनीय होय. जुन्या मीटरमापी डब्यात तेथे चहापानाची सोय करण्यात आली. दोड्डमने आणि हे स्टेशन यांतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. स्टेशन सार्वजनिक मालकीचे; तेथे वेळापत्रक, फलक, झाडलोट यांची जबाबदारी निश्चित करता येते. घराच्या बाबतीत ती करता येत नाही, आणि करूही नये.

स्थळ ओळखण्याची रीत

शाळेतील शिक्षकास या विषयातून भूगोलाचा एक उत्तम पाठ घेता येईल. मालिकेचा एक भाग विद्यार्थ्यांना दाखवावा आणि दृश्यातील न बदलणाऱ्या वस्तूंची यादी करावयास सांगावे: डोंगराची कडा, मंदिराचे शिखर, दगडी पायऱ्या, रस्त्याचा उतार. रंग, झाडे, दुकानांच्या पाट्या यांवर विसंबू नये. त्या चाळीस वर्षांत टिकत नाहीत. एकाच जागी उभे राहून किमान दोन स्थिर खुणा दृश्याशी जुळल्या तरच ते स्थळ निश्चित मानावे. छायेच्या दिशेवरून चित्रीकरण सकाळचे की दुपारचे, हेही मोठ्या मुलांना ताडता येते. जेथे खुणा जुळत नाहीत, केवळ एखाद्या वृद्ध रहिवाशाची आठवण आहे, तेथे 'असे सांगितले जाते' एवढेच लिहावे. ती आठवण मात्र लिहून ठेवलीच पाहिजे. मालिकेत ज्यांनी तरुणपणी गर्दीतून काम केले ते आज साठीच्या पुढे आहेत. शंकर नाग यांचे १९९० साली मोटार अपघातात निधन झाले. चित्रीकरणाची हकीकत आता गावकऱ्यांकडूनच मिळावयाची.

पाट्यांविषयी ग्रामपंचायतींनी नारायण यांचीच 'लॉली रोड' ही कथा वाचावी. स्वातंत्र्याच्या उत्साहात मालगुडीची नगरपालिका सर्व रस्त्यांची नावे बदलते आणि लोकांना आपलेच घर सापडेनासे होते. पुढे सर फ्रेडरिक लॉली यांचा पुतळा जुलमी माणसाचा समजून हलविल्यावर कळते की ते लॉली निराळे, हे तर गाव वसविणारे! विनोद बाजूला ठेवला तरी त्यातील बोच खरी आहे. प्रवाशांच्या सोयीसाठी खऱ्या रस्त्यास 'कबीर स्ट्रीट' असे नाव देऊ नये. गावाचे जुने नाव मोठ्या अक्षरांत आणि मालिकेतील उल्लेख खाली लहान अक्षरांत, हा क्रम पाळावा. याच तालुक्यात कुप्पळ्ळी येथे राष्ट्रकवी कुवेंपु यांचे घर स्मारक म्हणून जतन केलेले आहे. खऱ्या लेखकाचे खरे घर आणि कल्पित मुलाचे उसने घर यांत प्रवाशाने गल्लत करू नये, एवढे काम पाटीने केले तरी पुष्कळ झाले.

महाराष्ट्रातही हा प्रश्न दूरचा नाही. वाईजवळील मेणवली येथे कृष्णाकाठचा नाना फडणविसांचा वाडा आणि घाट आहे. 'स्वदेस' (२००४) या चित्रपटाचे चित्रीकरण तेथे झाल्यापासून घाटावर येणारे कित्येकजण पेशवाईऐवजी चित्रपटाची चौकशी करतात. अशा गावी चार पानी पत्रक काढावयाचे झाल्यास पहिली दोन पाने वाड्यास व घाटास देऊन तिसऱ्या पानावर चित्रपटाचा उल्लेख करावा. चौथे पान नकाशासाठी ठेवावे. त्यात उत्तर दिशा, अंतर मीटरऐवजी चालण्याच्या मिनिटांत, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि शेवटच्या बसची वेळ ही माहिती असावी. बसची वेळ बदलत असल्याने ती छापू नये. रिकाम्या चौकटीत शिक्क्याने उमटवावी. आगुंबेसारख्या पावसाच्या गावी पत्र्याच्या पाट्या लवकर गंजतात. तेथे रस्त्याच्या कडेला कोरीव अंकांचे जांभ्या किंवा काळ्या दगडाचे ठोकळे बसवून तेच अंक पत्रकात द्यावेत. दगड ओला झाला तरी अंक वाचता येतो.