चिनी खेड्यातील वैद्यकशाळा

सन 1937 मध्ये जपानने चीनवर चाल केली. शहरे पडली, खेडी जळाली. जखमींची रीघ लागली. परंतु त्यांच्या जखमा बांधावयास पुरेसे डॉक्टर त्या विशाल देशात नव्हते. सेनापती चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले. भारत तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात होता. तरीही राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टरांचे पथक पाठविण्याचे ठरविले. अलाहाबादचे डॉ. अटल पथकाचे प्रमुख होते. डॉ. चोळकर नागपूरचे, डॉ. बसू व डॉ. मुखर्जी कलकत्त्याचे, पाचवे होते सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

कोटणिसांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 चा. मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले होते. सप्टेंबर 1938 मध्ये पथक मुंबईहून बोटीने निघाले. चीनमध्ये पोहोचून थोडेच महिने झाले, तोच वडील निवर्तल्याची वार्ता त्यांना कळली. घरी परतण्यास हे कारण कोणालाही पुरेसे वाटले असते. कोटणीस परतले नाहीत.

उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात डॉ. नॉर्मन बेथून या कॅनेडियन शल्यविशारदाने रणांगणाजवळच रुग्णसेवेची व्यवस्था उभी केली होती. शस्त्रक्रिया करताना बोटास झालेली जखम चिघळून नोव्हेंबर 1939 मध्ये ते मृत्यू पावले. पुढे तेथील रुग्णालयास व वैद्यकशाळेस त्यांचेच नाव देण्यात आले. जानेवारी 1941 मध्ये त्या रुग्णालयाची सूत्रे कोटणिसांच्या हाती आली, आणि शाळेत ते शिकवूही लागले.

जखमी माणूस बरा करणे हे एक काम. जखमी बरे करणारी माणसे घडविणे हे दुसरे, आणि ते खचितच अधिक अवघड. परदेशी डॉक्टर आज आहे, उद्या नाही. शत्रूचा वेढा कायम, औषधांचा तुटवडा नित्याचा. अशा स्थितीत विद्यार्थ्यांस शिकवावयाचे, तेही त्यांच्याच भाषेत! कोटणिसांनी चिनी भाषा आत्मसात केली. दुभाष्याच्या तोंडून शिकविलेली शस्त्रक्रिया किती अपुरी राहते, हे त्यांनी ओळखले असावे. शस्त्रक्रियेच्या सामान्य तत्त्वांवर त्यांनी चिनी विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तकही सिद्ध केले आणि दुसरे लिहावयास घेतले.

त्याच शाळेत शुश्रूषेचे शिक्षण देणाऱ्या को छिंगलान यांच्याशी 1941 मध्ये त्यांचा विवाह झाला. पुढील ऑगस्टमध्ये पुत्र झाला. त्याचे नाव यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. परंतु कोटणिसांस अपस्माराचे झटके येऊ लागले होते. दुखणे वाढले, तरी रुग्ण आणि वर्ग त्यांनी सोडले नाहीत. 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. दुसरे पुस्तक अर्धेच राहिले.

यिनहुआही वैद्यकाचाच विद्यार्थी झाला. पण 1967 मध्ये, शिक्षण पुरे होण्यापूर्वीच, तोही वारला. आज शिच्याच्वांग शहरात कोटणिसांच्या चिनी नावाने, ‘के दीहुआ’ या नावाने, एक वैद्यकीय विद्यालय चालते. तेथील विद्यार्थी सेवेची शपथ घेतात, ती त्यांच्या पुतळ्यासमोर.