मोठा तंबू : उभारणी आणि जबाबदारी

वार्षिक दिन असो, क्रीडास्पर्धा असो की बक्षीस समारंभ, कार्यक्रम मैदानावर ठरला की तंबू आलाच. महाराष्ट्रात आपण मंडपवाल्याला बोलावतो, इथे चंडीगढला टेंटवाल्याला. सकाळी ट्रक येतो आणि संध्याकाळपर्यंत मैदानावर छत उभे राहते. पाहुणे, पालक आणि धाकटी भावंडे त्याखाली निर्धास्त बसतात. त्यांनी असे निर्धास्त बसावे यासाठी काय काय व्हायला हवे, हे या लेखात पाहू. इथे विचार फक्त खांबांच्या मोठ्या तंबूचा केला आहे. लोखंडी सांगाड्याच्या हँगरचे नियम थोडे वेगळे असतात.

तंबूचे भाग

मधले उंच खांब, कडेचे आखूड खांब, वरचे कापड, बाजूच्या कनाती, तणावे म्हणजे ताणाचे दोर आणि जमिनीत ठोकलेल्या मेखा, एवढेच या तंबूचे भाग. खांब जमिनीत पुरलेला नसतो, तो नुसता टेकलेला असतो. त्याला उभा ठेवतो तो चारी बाजूंचा ताण. त्यामुळे एका बाजूच्या लागोपाठ दोन-तीन मेखा उपटल्या, तर कितीही जाड खांब आडवा होतो. तंबूची खरी ताकद जमिनीत असते, हे पहिले सूत्र लक्षात ठेवावे.

मराठी माणसाला हा तंबू नवा नाही. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली मुंबईत ‘ग्रेट इंडियन सर्कस’ सुरू केली आणि पुढे सांगली-मिरज भागातून अनेक सर्कशी देशभर फिरल्या. सर्कशीचा तंबू दर मुक्कामाला उतरतो आणि नव्या मातीत पुन्हा उभा राहतो. म्हणून तंबूवाल्याला प्रत्येक मुक्कामी मातीची नव्याने परीक्षा घ्यावी लागते. आपल्यालाही मैदान बदलले की हेच करायला हवे.

वारा खाली दाबत नाही, वर उचलतो

कापडाच्या वजनाने तंबू कोसळतो असा अनेकांचा समज असतो. आकडे घेऊन पाहू.

वाऱ्याचा दाब काढण्याचे सूत्र सोपे आहे : वेगाचा वर्ग गुणिले ०.६. वेग मीटर प्रति सेकंदात घेतला की दाब न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये मिळतो. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. २० चा वर्ग ४००, गुणिले ०.६ म्हणजे २४०. वजनाच्या भाषेत हे चौरस मीटरला सुमारे २४ किलो झाले. छपरावरून वारा वेगाने जातो तेव्हा वरचा दाब कमी होतो आणि छप्पर वर ओढले जाते. ही ओढ निम्मी, म्हणजे १२ किलो, धरली तरी १० बाय २० मीटरच्या तंबूवर, २०० चौरस मीटरवर, ती २,४०० किलो होते. कापडाचे वजन चौरस मीटरला अर्धा किलो धरले तर अख्खे कापड १०० किलोचे. म्हणजे १०० किलोची वस्तू २,४०० किलोच्या जोराने वर जायला बघते आणि तिला धरून ठेवतात त्या फक्त मेखा.

दुसरी गोष्ट वर्गाची. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ‘वारा थोडासा वाढलाय’ असे आपण म्हणतो तेव्हा मेखेवरचा ताण थोडासा वाढलेला नसतो.

तिसरी गोष्ट जागेची. इमारतींसाठी वाऱ्याचे जे भारतीय मानक आहे, आयएस ८७५ भाग ३, त्यात प्रत्येक मोठ्या शहरासाठी मूळ वेग दिला आहे. पुणे आणि नाशिकसाठी तो सेकंदाला ३९ मीटर आहे, चंडीगढसाठी ४७ मीटर. फरक आठचाच दिसतो, पण वर्ग केल्यावर चंडीगढचा जोर जवळजवळ दीडपट निघतो. आपल्याकडे वळीव येतो तशी इकडे उन्हाळ्यात आंधी येते. आधी धूळ, मग सुसाट वारा, मग पाऊस. निळे आकाश पाहून सुरू केलेला कार्यक्रम तासाभरात तिच्या तावडीत सापडू शकतो. पुण्यात तंबू नीट उभा राहिला होता, हे चंडीगढमध्ये उत्तर होऊ शकत नाही.

जागेची पाहणी

तंबू येण्याआधी मैदानावर चालत फेरी मारावी. वर पाहावे : विजेची तार, झाडाची वाळलेली फांदी. तारेखाली तंबू लावायचाच नाही, आणि तारेजवळ उंच खांब उभा करतानाही तो तिकडे कलणार नाही इतके अंतर हवे. खाली पाहावे : खोलगट जागा, नुकतेच पाणी घातलेले गवत, भर टाकलेली माती. जमिनीखालून केबल किंवा पाण्याची नळी गेली आहे का, हे मैदान सांभाळणाऱ्या काकांना विचारल्याशिवाय एकही मेख ठोकू नये. शेवटी बाजूला पाहावे : अग्निशमन बंब आणि रुग्णवाहिका आत येण्याइतका रस्ता मोकळा राहतो का?

मेख आणि तणावा

कडेचा खांब जेवढा उंच, साधारण तेवढ्याच अंतरावर मेख ठोकावी, म्हणजे तणावा जमिनीशी ४५ अंशांचा कोन करतो. मेख फार जवळ घेतली तर दोर तिला सरळ वर उपटतो. मेखेचे डोके तंबूपासून दूर झुकलेले असावे आणि दोर मेखेवर जमिनीलगत बांधावा. दोर वर सरकला की तरफेचा नियम लागू होतो आणि मेख हलू लागते.

वरच्या तंबूला कडेने दर अडीच मीटरवर एक तणावा दिला, तर ६० मीटरच्या घेराला २४ तणावे लागतात. २,४०० किलो त्यांत वाटले तर प्रत्येकाला १०० किलोची सरळ वर ओढ येते. दोर ४५ अंशांत तिरपा असल्यामुळे त्याच्यातला ताण सुमारे १४० किलो होतो. वाऱ्याच्या दिशेच्या मेखांवर तो याहूनही जास्त. म्हणून एक मेख ठोकून, दोर बांधून, दोघातिघांनी ओढून पाहावे. तिघांच्या ओढण्याने मेख हलली तर ती जागा किंवा ती मेख बदलावी.

चंडीगढची माती गाळाची आहे. कोरडी असताना ती घट्ट धरते, भिजली की सैल होते. महाराष्ट्रातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, मुरमात तर पहारेने भोक पाडल्याशिवाय मेख जातच नाही. माती सैल असेल तर लांब मेख घ्यावी किंवा एकीमागे एक अशा मेखा जोडाव्यात. सॅपर्सची पद्धत कॅडेट्सना ठाऊक असावी : पुढे तीन पिकेट, त्यांच्या मागे दोन, त्यांच्या मागे एक, आणि पुढच्यांची डोकी मागच्यांच्या पायाशी दोराने आवळलेली. याला ३-२-१ होल्डफास्ट म्हणतात.

मेखेऐवजी वाळूची पोती ठेवली तर चालेल का? हिशेब करा. २,४०० किलोला ५० किलोची ४८ पोती नुसती वर उचलले जाऊ नये म्हणून लागतील. शिवाय पोते घसरते, ते वेगळेच. चार कोपऱ्यांत चार पोती म्हणजे नुसता देखावा.

दोराचाही स्वभाव असतो. सुती किंवा तागाचा दोर भिजला की आखडतो आणि मेख ओढतो, तर नायलॉनचा दोर भिजला की सैल पडतो. म्हणून दव पडल्यावर आणि पाऊस येऊन गेल्यावर सगळे तणावे पुन्हा हाताने तपासावेत.

उभारणीचा क्रम

१. हुकूम देणारा एकच. बाकी कोणी ‘ओढा’, ‘सोडा’ असे ओरडायचे नाही. अपवाद एका शब्दाचा : ‘थांबा’. तो कोणीही म्हणू शकतो, आणि तो ऐकल्यावर सर्वांनी थांबायचे.
२. हातात मोजे, पायात बूट आणि खांबाजवळ असणाऱ्यांच्या डोक्यावर हेल्मेट.
३. आधी सर्व मेखा, मग कापड पसरणे, मग कडेचे खांब आणि तणावे, सर्वांत शेवटी मधले खांब. मधल्या खांबाच्या टोकाचा गज कापडाच्या कडीत बसला आहे, हे पाहूनच त्याचा पाय आत ढकलत खांब उभा करावा. पायाखाली फळी ठेवावी, नाहीतर तो मऊ जमिनीत रुततो आणि सगळा ताण जातो.
४. खांब उभा होत असताना कापडाखाली फक्त तो हाताळणारे असावेत. फोटो काढणारे बाहेर.
५. समोरासमोरचे तणावे जोडीने आवळावेत. एक बाजू पूर्ण ताणून मग दुसरीकडे गेले की खांब कलतो.
६. उतरवताना क्रम उलटा : आधी कनाती, मग मधले खांब, मग कडेचे, मेखा शेवटी. घरी जायच्या घाईत कोणीतरी मेखा आधी उपटतो आणि उभा खांब निराधार होतो. उतरवतानाही पूर्ण शिस्त हवी.

छतावरचे पाणी

कापड सैल राहिले की त्यात पाण्याचा खळगा होतो. एक चौरस मीटरवर १० सेंटिमीटर पाणी म्हणजे १०० किलो. दोन बाय तीन मीटरचा खळगा ६०० किलोचा झाला. वजनाने कापड आणखी खाली येते आणि आणखी पाणी साठते. यावर उपाय पावसाआधीच करायचा : कापड ताणून उतार नीट ठेवणे. साठलेल्या पाण्याखाली उभे राहून ते काठीने वर ढकलू नये.

वीज, आग आणि बाहेरची वाट

२३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातल्या मंडी डबवाली इथे एका शाळेचा वार्षिक समारंभ चालू होता. मंडपात मुले होती, पालक होते. कृत्रिम धाग्याच्या कापडाला आग लागली आणि पाहता पाहता छत पेटून खाली आले. बाहेर पडण्याची वाट अपुरी होती. चारशेहून अधिक माणसे गेली, त्यांत मोठ्या संख्येने मुले होती. भरपाईचा खटला इथे चंडीगढला, पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात, २००९ पर्यंत चालला. अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात ६ जुलै १९४४ रोजी सर्कशीच्या तंबूला आग लागून दीडशेहून अधिक माणसे गेली. तो तंबू पाण्यापासून वाचवण्यासाठी पेट्रोलमध्ये विरघळवलेल्या मेणाने माखला होता.

दोन्हीकडून धडा एकच : तंबू लोकांना आत घेतो, तसाच त्यांना बाहेरही सोडता आला पाहिजे. मीटरभर रुंद वाटेतून मिनिटाला साधारण ६० ते ८० माणसे बाहेर पडतात. सहाशे लोकांना एकच दार असेल तर आठ-दहा मिनिटे लागतील. पेटलेले कापड तेवढा वेळ देत नाही. चारी बाजूंना चार वाटा असतील तर तेच काम दोन-अडीच मिनिटांत होते. वाटेत खुर्ची, तणावा किंवा सतरंजीची गुंडाळी नको. कनात बांधून बंद केलेली वाट ही वाट नव्हे. भारतीय मानक आयएस ८७५८ हे खास तात्पुरत्या मंडपांच्या अग्निसुरक्षेसाठी आहे. कंत्राट देतानाच त्याचे नाव घ्यावे.

विजेची वायर लोखंडी खांबाला गुंडाळू नये. हॅलोजन दिवा कापडापासून लांब, जनरेटर तंबूबाहेर. गळतीचा प्रवाह ३० मिलिअँपिअरला तोडणारा ब्रेकर हवा आणि मेन स्विचपाशी एक माणूस शेवटपर्यंत नेमलेला हवा.

रिकामा करण्याचा हुकूम

२३ जून २०१९ रोजी राजस्थानात बाडमेर जिल्ह्यातल्या जसोल गावी कथेच्या मंडपावर वादळ आले. मंडप कोसळला, ओल्या सांगाड्यात वीज उतरली आणि १४ माणसे दगावली. व्यासपीठावरून ‘बाहेर पडा’ असे सांगितले गेले होते, पण तोवर कापड उचलू लागले होते.

सेकंदाला ४७ मीटरच्या वाऱ्यात भाड्याचा कोणताही तंबू टिकायचा नाही, मेखा कितीही चांगल्या असोत. प्रत्येक तंबूला मर्यादा असते, आणि ती गाठण्याआधी माणसे बाहेर काढणे हा उभारणीचाच शेवटचा भाग आहे. तंबूच्या कारखान्याने वाऱ्याची मर्यादा लिहून दिली असेल तर ती पाळावी. नसेल तर ब्यूफोर्ट मापाचा आधार घ्यावा. लहान झाडे डोलू लागली की पाचवा अंक, ताशी २९ ते ३८ किलोमीटर : मेखांची फेरी, कार्यक्रम थांबवण्याची तयारी. मोठ्या फांद्या हलू लागल्या आणि छत्री धरवेना की सहावा अंक, ३९ ते ४९ : तंबू रिकामा. जवळची पक्की इमारत आधीच ठरलेली आणि उघडी असावी. झाडाखाली जायचे नाही.

हा हुकूम देणाऱ्याचे नाव सकाळीच ठरावे आणि तो भाषण देणाऱ्यांपैकी नसावा. प्रमुख पाहुणे बोलत असताना त्यांना थांबवणे सोपे नाही. म्हणूनच तो अधिकार आधी आणि सर्वांसमोर दिलेला असावा. दहा वेळा तंबू रिकामा केला आणि वादळ आलेच नाही, तर नुकसान दहा अर्ध्या राहिलेल्या भाषणांचे. एकदा तो हुकूम दिला गेला नाही, तर त्याचा हिशेब मांडता येत नाही.

पालकांना एक विनंती. पुढच्या समारंभाला तंबूत शिराल तेव्हा बसण्याआधी आपल्या जागेपासून जवळची वाट कोणती, एवढे पाहून ठेवा आणि धाकट्यांनाही दाखवा. आणि कनातीबाहेर एखादा कॅडेट मेखा तपासत फिरताना दिसला, तर तो कार्यक्रम चुकवतो आहे असे समजू नका. त्याची ड्यूटी तिथेच आहे.