दुष्काळातील दान आणि भूगर्भातील पाणी

उदार दाते, व्यापारी व जमीनदार बंधूंस सविनय निवेदन :

दुष्काळाचे वर्ष आले म्हणजे आपल्या समाजाच्या औदार्यास भरती येते, ही मोठ्या भूषणाची गोष्ट होय. धान्य, कडबा व रोख रक्कम यांसोबत, अमुक गावी आपल्या वडिलांच्या नावे एखादी विंधन विहीर, म्हणजे लोक जिला बोअर म्हणतात ती, घ्यावी अशी इच्छाही अलीकडे पुष्कळ दाते प्रकट करितात. हेतू निःसंशय थोर आहे. परंतु जमिनीखालील पाणी दात्याच्या इच्छेस अनुसरत नाही; ते खडकाच्या नियमाने वागते. तो नियम कोणता, हे शास्त्रज्ञांनी दीर्घकाळ परिश्रम करून शोधिले आहे. ते जाणून दान केल्यास एका रुपयाचे काम एका रुपयात होईल. न जाणता केल्यास रुपया खडकात जाईल. यास्तव अहवालासोबत हा लहानसा अभ्यासलेख जोडिला आहे.

१. खडकाची घडण

महाराष्ट्राच्या भूमीपैकी सुमारे चार पंचमांश भाग बेसाल्ट नामक काळ्या अग्निजन्य पाषाणाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून तप्त शिलारस वारंवार बाहेर पडला, आणि थरावर थर बसून दख्खनचे पठार तयार झाले. प्रत्येक थराचा माथा वायूच्या बुडबुड्यांमुळे बहुधा सच्छिद्र असतो. गाभा मात्र घट्ट, अभेद्य. पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या मुरमात, त्या सच्छिद्र माथ्यात आणि गाभ्यातील भेगांत. भेग सापडली तर पाणी लागते. पाच हात बाजूस खणले तर कोरडा पाषाण निघतो. हातात नारळ घेऊन फिरणाऱ्या पाणाड्यास ही भेग दिसत नाही.

सन १९७२ च्या दुष्काळाच्या काळात महाराष्ट्र शासनाने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन केली. या यंत्रणेने राज्याची विभागणी दीड हजारांहून अधिक पाणलोट क्षेत्रांत केली असून, ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी ती वर्षातून चार वेळा मोजते. पावसाळ्यानंतर किती चढली व वैशाखात किती उतरली, यावरून त्या भूमीची जमा व खर्च कळून येतात. भूजलाचा अंदाज बांधण्याकरिता सन १९९७ मध्ये जी राष्ट्रीय पद्धती ठरली, तीनुसार शंभर घागरी मावतील एवढ्या झिजलेल्या बेसाल्टातून विहिरीस सुमारे दोनच घागरी पाणी मिळते. तितक्याच वाळूमिश्रित गाळातून सोळा. गंगेच्या खोऱ्यातील शेतकरी व आपला शेतकरी यांच्या नशिबातील हे अंतर केवळ पावसाचे नसून खडकाचेही आहे.

२. जमाखर्च

व्यापारी बंधूंस हिशेबाची भाषा अधिक पटेल. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० हजार लिटर पाणी झाले. अवर्षणप्रवण तालुक्यात वर्षाकाठी ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर हेक्टरी ५० लक्ष लिटर आले. उपर्युक्त पद्धतीप्रमाणे झिजलेल्या बेसाल्टात त्यातील शेकडा ७ भाग मुरतो. म्हणजे साडेतीन लक्ष लिटर.

आता खर्च पाहू. माणशी रोज ५५ लिटर धरिले, तर एक सहस्र वस्तीच्या गावास वर्षभरात सुमारे २ कोटी लिटर पाणी लागते. म्हणजे अवघ्या ५८ हेक्टरांत मुरलेले पाणी त्या गावास पुरावे. मुरलेल्या पाण्यापैकी काही ओढ्यानाल्यांत झिरपून जाते हे खरे; तथापि गावाचे शिवार याच्या कित्येक पट असते. मग चैत्रात टँकरची वाट का पाहावी लागते? उत्तर असे की, पाटाने भिजविलेला एक हेक्टर ऊसही वर्षाला २ कोटी लिटर किंवा त्याहून अधिक पाणी पितो. एक हेक्टर ऊस आणि सहस्र माणसे यांची तहान सारखीच आहे. पिण्याचे पाणी तुटते ते बहुशः आकाश रुसले म्हणून नव्हे, तर तीच ठेव आधी दुसऱ्या खात्यावर खर्ची पडते म्हणून.

३. खोल विंधनाचा मोह

विहीर आटली की आणखी खोल जावे, ही सहज प्रवृत्ती आहे. परंतु खोल गेल्याने बहुधा नवे पाणी उत्पन्न होत नाही. कित्येकदा वरच्या थरातील पाणीच त्या छिद्रावाटे खाली उतरते व शेजाऱ्यांच्या विहिरी कोरड्या पडतात. म्हणजे एकाचे दान दुसऱ्याचे नुकसान ठरते. खोल भेगांतील साठा लहान असतो आणि तो भरावयास दीर्घकाळ लागतो. शिवाय खडकाशी फार काळ संसर्ग झालेल्या पाण्यात क्षार वाढतात. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील कित्येक गावी पाण्यात फ्लोराइड आढळले आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा ते अधिक असलेले पाणी पिण्यास अयोग्य मानितात. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास मुलांचे दात डागाळतात व पुढे हाडे ताठरतात.

याच कारणास्तव सन १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पेयजलाच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीविना नवी विहीर घेण्यास मनाई करण्यात आली, आणि पुढे सन २००९ चा अधिक व्यापक भूजल कायदा करण्यात आला.

४. वाळू व खाणी

नदीपात्रातील वाळू म्हणजे पावसाळ्याचे पाणी उन्हाळ्यापर्यंत जपणारी स्पंजासारखी कोठीच होय. ती बेसुमार उपसली की पात्र खोल जाते, काठच्या विहिरींतील पाणी त्या खोल पात्राकडे ओढले जाते आणि विहिरींची पातळी उतरते. सन २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाळूसारख्या गौण खनिजांच्या लहान क्षेत्रांसही पर्यावरणविषयक मंजुरी आवश्यक ठरविली, ती यामुळेच. कोळशाच्या उघड्या खाणींचीही हीच कथा आहे. खाण कोरडी ठेवण्यासाठी रात्रंदिवस पाणी उपसावे लागते, आणि त्याचा ताण भोवतालच्या विहिरींवर पडतो. खनिज देशास हवे यात वाद नाही. परंतु त्याच्या किमतीत शेजारच्या विहिरीचे पाणीही धरिले पाहिजे.

५. सिद्ध झालेला मार्ग

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे अल्प पावसाचे गाव. तेथील ग्रामस्थांनी श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, शेतीकरिता विंधन विहिरी बंद केल्या, आणि दरवर्षी पाऊस मोजून मगच कोणते पीक घ्यावयाचे ते ठरविण्याचा प्रघात पाडिला. पिण्याच्या पाण्याचा वाटा आधी बाजूस काढावयाचा, पिकांचा त्यानंतर. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे कै. विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा प्रयोग केला. तेथे पाण्याचा वाटा जमिनीच्या आकारावर नव्हे तर घरातील माणसांच्या संख्येवर ठरला, भूमिहीनासही हक्क मिळाला, आणि ऊस वर्ज्य झाला. दोन्ही ठिकाणी खडक बदलला नाही; हिशेब बदलला.

६. विनंती

सबब दात्यांनी पुढील गोष्टींकडे लक्ष पुरवावे, अशी नम्र विनंती आहे.

(१) निधीचा मोठा भाग जुन्या विहिरी व तलाव यांतील गाळ काढणे, चर व बांध घालणे यांकरिता द्यावा. त्यात दुष्काळग्रस्तांस मजुरी मिळते व पुढील पावसाचे पाणी भूमीत मुरते.

(२) विंधन विहीर घ्यावयाचीच असल्यास आधी भूजल यंत्रणेकडून जागेची पाहणी करवावी, आणि पाणी लागल्यावर त्याची रासायनिक तपासणी झाल्याखेरीज ते पिण्यास देऊ नये.

(३) ज्या जमीनदारांच्या विहिरीस अद्याप पाणी आहे, त्यांनी टंचाईच्या महिन्यांत ती गावास मोकळी करावी आणि नवी ऊसलागण पुढे ढकलावी. हे दान पावतीपुस्तकात येणार नाही. पण आमच्या मते त्याची योग्यता रोख रकमेपेक्षा कमी नाही.

(४) इमारती बांधणाऱ्या व्यापारी बंधूंनी वाळू विकत घेताना परवाना पाहिल्याविना पैसे देऊ नयेत. दुष्काळफंडास देणगी देणाऱ्या हातानेच नदी कोरडी करणाऱ्यास मोल देणे उचित नव्हे.

अन्नाचा दुष्काळ परप्रांतीचे धान्य आणून निवारता येतो. पाण्याचा दुष्काळ मात्र ज्या त्या गावच्या भूमीतच निवारावा लागतो. ती भूमी किती देते हे मोजून ठेविले आहे. त्या मापास धरून आपले औदार्य यंदा वाहावे, हीच प्रार्थना.