चिठ्ठीवाचून औषध : इंग्लंडातील तरतूद

प्रश्न : मी बर्मिंगहॅमला राहतो. शनिवारी रात्री दम्याचा इन्हेलर संपला आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोमवारखेरीज मिळणे नाही. फार्मासिस्ट औषध देऊ शकेल काय?

उत्तर : देऊ शकेल. २०१२ च्या मानवी औषधविषयक नियमावलीनुसार फार्मासिस्टाने स्वतः आपली विचारपूस करून, औषधाची निकड तात्काळ आहे, अनुचित विलंबावाचून चिठ्ठी मिळणे दुरापास्त आहे आणि तेच औषध पूर्वी तेथील अधिकृत डॉक्टराने लिहून दिले होते, अशी खातरजमा केली, म्हणजे ते देण्याची मुखत्यारी त्यास प्राप्त होते. तथापि ही त्याची सक्ती नव्हे. औषध सामान्यतः ३० दिवसांपुरते, इन्हेलरचा मात्र सर्वांत लहान डबा. मॉर्फीनसारखी नियंत्रित औषधे मुळीच नाहीत. डब्यावर ‘तातडीचा पुरवठा’ अशा अर्थाचे लेबल लागते आणि निकडीचे कारण नोंदवहीत दाखल होते. पुण्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी या कामी ग्राह्य नाही, म्हणून भारतातून येणाऱ्या आईवडिलांच्या सामानात पुरेसा औषधसाठा असावा, ही माझी कळकळीची विनंती. आपण मात्र रिकामा इन्हेलर टाकून न देता, त्यावरील नावाच्या लेबलासकट, दुकानात घेऊन जावे. आणि श्वास फारच लागत असेल, तर दुकान न शोधता ९९९ वर फोन करावा.